मदत हवी आहे: क्वांटम डॉट मिसळलेले अॅक्रिलिक घट्ट होताना दुधाळ होते

नमस्कार. गेले चार महिने मी प्रकाश देणारे नॅनोकण (क्वांटम डॉट) पारदर्शक पॉलिमरमध्ये बसवण्याचा प्रयत्न करत आहे आणि एकाच टप्प्यावर काम पुन्हा पुन्हा अडते आहे. पॉलिमर किंवा कलॉइड रसायनाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कण कॅडमियम सेलेनाइडचे असून त्यांवर झिंक सल्फाइडचे कवच आहे. व्यास सुमारे ६ नॅनोमीटर, पृष्ठभागावर ओलेइक आम्लाचे लिगँड (कणाला चिकटून त्याला द्रवात सुटे ठेवणारे रेणू), आणि टोल्यूइनमध्ये उत्सर्जनाचे शिखर (सर्वात तेजस्वी प्रकाशाची तरंगलांबी) ६१२ नॅनोमीटरला. हे कण वजनाने ०.१ टक्का या प्रमाणात मिथाइल मेथाक्रिलेट या द्रव मोनोमरमध्ये (ज्याच्या साखळ्या जुळून अॅक्रिलिक बनते) मिसळतो, नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन घालवतो आणि एआयबीएन हा इनिशिएटर (तापल्यावर मूलके, म्हणजे साखळी सुरू करणारे अतिक्रियाशील रेणुखंड, देणारे रसायन) घालून बंद साचा ६० अंश सेल्सिअसला ठेवतो. त्या वेळी द्रावण इतके नितळ असते की साच्यामागची बारीक अक्षरे सहज वाचता येतात.

द्रव मधासारखा दाट होऊ लागला की बिघाड सुरू होतो. बाजूने पाहिल्यास प्रथम निळसर झाक दिसते, त्याच वेळी साच्यातून पांढऱ्या दिव्याकडे पाहिले तर दिवा तांबूस दिसतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात सगळे दुधाळ होते. कण न घालता याच पद्धतीने केलेली चकती काचेसारखी स्वच्छ निघते, त्यामुळे बुडबुडे किंवा आकुंचनाचे तडे हे कारण मी बाजूला ठेवले आहे.

माझा तर्क असा आहे की पॉलिमरच्या साखळ्या लांब होत जातात तसे कणांना त्यांच्यात मिसळून राहणे अवघड होते आणि ते एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. अॅक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) १.४९ आहे आणि कणांचा त्याहून बराच जास्त आहे. तरीही ६ नॅनोमीटरचे सुटे कण इतके लहान असतात की त्यांचे प्रकीर्णन (प्रकाश विखुरणे) डोळ्यांना जाणवू नये. पण तेच द्रव्य ६० नॅनोमीटरच्या घट्ट गुठळ्यांत गोळा झाले, तर एकूण आकारमान तेवढेच राहूनही प्रकीर्णन सुमारे हजारपट वाढते, कारण या मर्यादेत ते व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. निळसर झाक या हिशेबाशी तंतोतंत जुळते.

उत्सर्जनाचे शिखरही ६१९ नॅनोमीटरपर्यंत सरकले आहे. ३ मिलिमीटर जाडीत कण एकमेकांचा प्रकाश पुन्हा शोषत असतील असे आधी वाटले, म्हणून चकतीचा अगदी पातळ कापा काढून मोजला. त्यातही ४ नॅनोमीटरचा फरक उरलाच. म्हणजे जाडी हे अर्धेच कारण असावे आणि उरलेले सरकणे गुठळीतील शेजारच्या कणांमध्ये होणाऱ्या ऊर्जेच्या देवाणघेवाणीमुळे असावे, असे मला वाटते.

यापेक्षा जास्त काळजी तेज कमी होण्याची आहे. मोनोमर न घालता केवळ टोल्यूइनमध्ये तेवढेच एआयबीएन घेऊन कण तितकाच वेळ तापवले, तेव्हा द्रावण पूर्ण स्वच्छ राहिले, पण उत्सर्जन जवळपास एक तृतीयांशाने घटले. इनिशिएटरशिवाय तापवलेल्या नमुन्यात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा मूलकांमुळे पृष्ठभागाला होणारी इजा आणि गुठळ्या या दोन वेगळ्या अडचणी आहेत, हे मला या एका प्रयोगाने पटले. बेंझॉइल पेरॉक्साइड मी मुद्दाम वापरलेले नाही, कारण ते या कणांच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण करते.

मिथाइलऐवजी लॉरिल मेथाक्रिलेट वापरून पाहिले. त्याच्या लांब शाखा ओलेइक आम्लाशी चांगल्या जुळतात आणि नमुना शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, पण तो रबरासारखा मऊ होतो. इथिलीन ग्लायकॉल डायमेथाक्रिलेटने साखळ्या एकमेकींना बांधल्यावर थोडा ताठपणा आला, तरी पॉलिश करता येईल इतका नाही, आणि मला पॉलिश करता येणारीच चकती हवी आहे.

आता तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पॉलिमरीकरण आधी कणांशिवाय सरबतासारखे दाट होईपर्यंत नेऊन मग कण मिसळले, तर गुठळ्या होण्याआधी साखळ्या त्यांना जागीच अडकवतील का, की तयार साखळ्यांमुळेच ते लगेच बाहेर फेकले जातील? ओलेइक आम्लाच्या जागी मेथाक्रिलेट टोक असलेले लिगँड बसवल्यास कण साखळीलाच जोडले जातील हे खरे, पण लिगँड बदलताना तेज जाते. ते जपण्याचा कोणाचा अनुभव आहे का? आणि सिलिकाचे कवच मूलकांना अडवते हे मान्य केले, तरी त्यामुळे वाढणारा कणाचा आकार पारदर्शकतेला किती महागात पडतो?

अतिनील किरणांनी पॉलिमरीकरण करण्याचा सल्ला मला आधी मिळाला आहे. त्यात हे कण स्वतःच ते किरण शोषून घेतात, त्यामुळे जाड चकतीचा खालचा भाग कच्चा राहतो, हे मी करून पाहिले आहे. चकतीचे फोटो, वर्णपट किंवा वजनमापांची पूर्ण नोंद हवी असल्यास कृपया सांगावे. सर्व नमुने अजून माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत.