खैबरमधील हिंसेचे मूळ: पंथात की राजवटीत?

जुना वाचक (मूळ लेख)

गेल्या आठवड्यात येथील एका सदस्यांनी लिहिले की, पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवरील दहशतवादाचा धर्मपंथाशी काहीही संबंध नाही. गरिबी, अमेरिकेचे ड्रोन आणि पठाणांची सूडाची परंपरा एवढ्याने सगळा उलगडा होतो. त्या लेखाची जी वाहवा झाली, ती पाहून उत्तर देणे मला भाग पडले.

ज्याचा राग ड्रोनवर आहे, त्याने संतकवीची कबर का उडवावी? ५ मार्च २००९ रोजी पेशावरजवळ रहमान बाबांच्या मजारीत स्फोट घडवण्यात आला. त्याआधी काही महिने, डिसेंबर २००८ मध्ये, स्वातमध्ये तालिबानविरुद्ध उभे राहिलेले पीर समीउल्लाह मारले गेले आणि त्यांचा दफन केलेला मृतदेह उकरून चौकात टांगण्यात आला. खैबरमधील बारा नावाच्या भागात २००५-०६ च्या सुमारास मुफ्ती मुनीर शाकीर आणि पीर सैफुर रहमान हे दोघे आपापल्या एफएम केंद्रांवरून एकमेकांना धर्मबाह्य ठरवत होते. एक पीर-मुरीद (गुरू-शिष्य) परंपरेचा कडवा विरोधक, तर दुसरा स्वतःच पीर. त्या भांडणातून बंदुका निघाल्या आणि त्यातूनच लष्कर-ए-इस्लाम ही सशस्त्र संघटना उभी राहिली. त्यात अमेरिका कुठेही नव्हती. पाकिस्तानातील पहिला ड्रोन हल्ला जून २००४ मधला आहे. शियांना काफर ठरवण्याची मागणी करणारी सिपाह-ए-सहाबा ही सुन्नी संघटना मात्र पंजाबातल्या झंगमध्ये १९८५ सालीच स्थापन झाली होती. बळी कोणाला निवडले, हे पाहिले की मारणाऱ्याची श्रद्धा कळते.

नर्मदातीर

आपण बळींची यादी दिलीत, पण ती अर्धीच आहे. पेशावरचे मौलाना हसन जान हे, तालिबान ज्या सुन्नी परंपरेतून आले त्याच देवबंदी परंपरेतले मोठे विद्वान होते आणि आत्मघाती हल्ले धर्मबाह्य आहेत असे ते उघडपणे सांगत. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांची हत्या झाली. देवबंदी पक्षाचेच नेते मौलाना फजलुर रहमान यांच्यावर एकाहून अधिक आत्मघाती हल्ले झाले. मग बळी पाहून श्रद्धा कळते, हा आपला नियम येथे कसा लावायचा?

ही परंपरा जिथे सुरू झाली ते देवबंदचे दारुल उलूम (मदरसा) १८६६ सालचे आहे. त्यानंतर शतकाहून अधिक काळ सरहद्दीवर त्याच परंपरेचे मौलवी होते, तरी बाजारात बॉम्ब फुटत नव्हते. उलट देवबंदच्या महमूद हसन यांच्या वर्तुळातल्या तुरंगझईच्या हाजीसाहेबांबरोबर खान अब्दुल गफार खान यांनी शाळा काढल्या आणि पुढे १९२९ साली त्याच गफार खानांनी खुदाई खिदमतगार ही अहिंसक संघटना उभी केली. एकाच शिकवणीच्या सावलीत अहिंसाही वाढली, याचा अर्थ फरक दुसऱ्या कशाने तरी पाडला. तो लष्करशहा झिया उल हक यांच्या राजवटीने पाडला. १९८० च्या जकात (इस्लामी धर्मदान) अध्यादेशाने बँकखात्यांतून सक्तीची कपात सुरू झाली आणि तो पैसा मदरशांकडे वळला. अफगाण युद्धासाठी अमेरिकेची शस्त्रे आणि सौदी अरेबियाचा पैसा आला, आणि हे सर्व कोणाच्या हाती द्यायचे ते पाकिस्तानी लष्कराने ठरवले.

इतिहासवेडा

दोघेही फार उशिरापासून सुरुवात करत आहात. रायबरेलीचे सय्यद अहमद १८२६ साली शिखांविरुद्ध जिहाद पुकारून सरहद्दीवर आले आणि त्यांची पहिली लढाई अकोडा खटक येथे झाली. तालिबानशी जोडलेल्या हक्कानी गटाचे संस्थापक जलालुद्दीन हक्कानी ज्या दारुल उलूम हक्कानियात शिकले, ते १९४७ साली स्थापन झालेले मदरसे त्याच गावात आहे. हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. बाहेरून आलेला सुधारक टोळ्यांना शुद्ध धर्म शिकवतो आणि त्यांच्याच जिवावर राज्य मांडतो, हा साचा तेव्हापासूनचा आहे.

कागलकर

सय्यद अहमद यांचे नाव निघालेच आहे, तर मराठी वाचकांनी विसरू नये अशी एक गोष्ट सांगतो. सरहद्दीकडे जाण्यापूर्वी ते अमीर खानाच्या फौजेत होते, म्हणजे यशवंतराव होळकरांच्या जुन्या सहकाऱ्याच्या पदरी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू हिंदुराव घाटगे यांना त्यांनी पत्र लिहून परक्या व्यापाऱ्यांच्या, म्हणजे इंग्रजांच्या, राज्याविरुद्ध सहकार्य मागितले होते. हिंदू सरदाराकडे मदत मागणाऱ्या या माणसाला आजच्या तालिबानचा पूर्वज म्हणणे हा घाईचा निवाडा आहे.

इतिहासवेडा

कागलकर, पत्र खरे आहे, पण पेशावर हाती आल्यावर याच माणसाने काय केले तेही लिहा. उश्र (पिकाचा दहावा हिस्सा) वसूल करायला आणि पठाणांच्या विवाहरीती बदलायला त्यांनी आपले अधिकारी गावोगाव नेमले. त्यांचा जाच इतका झाला की १८३० मध्ये पठाणांनी त्या अधिकाऱ्यांची कत्तल केली. पुढच्या वर्षी, ६ मे १८३१ रोजी, बालाकोटला सय्यद अहमद मारले गेले. हिंदुरावांना लिहिलेली सौम्य भाषा त्यांनी स्वतःच्या धर्मबंधूंशी वापरली नाही.

कागलकर

मग तुमच्याच पुराव्याने पठाणांनी त्या कडव्या धर्माला नकार दिला, हे सिद्ध झाले. साचा १८२६ पासूनचा आहे असे म्हणता आणि तो पाच वर्षांत मोडला असेही सांगता. अशा वादाला काय उत्तर द्यावे?

नर्मदातीर

कागलकरांनी माझेच म्हणणे अधिक नेमके मांडले आहे. १८३० मध्ये टोळ्यांना नको असलेला मौलवी हाकलून देता आला, कारण त्याच्या मागे कोणतेही सरकार उभे नव्हते.

शारजावासी

आपण सर्व पुस्तकातून बोलत आहात. मी शारजात बांधकामावर पर्यवेक्षक होतो आणि माझ्या हाताखाली सरहद्दीवरच्या कुर्रम खोऱ्यातले कामगार होते. त्यांत पाराचिनारचा, तुरी टोळीतला, म्हणजे शिया, एक वाहनचालक होता. त्याच खोऱ्यातले सुन्नी कामगार त्याच्याबरोबर एका खोलीत राहायला तयार नव्हते, म्हणून मला निजण्याची वेगळी व्यवस्था करावी लागली. २००७ नंतर शिया-सुन्नी लढाईमुळे पेशावरकडे जाणारा ठल-पाराचिनार रस्ता बंद असताना त्याच्या आईला औषधोपचारासाठी काबूलमार्गे पेशावरला न्यावे लागले. तो मला म्हणत असे की, आमच्या आजोबांच्या काळात भांडण पाण्याचे आणि कुरणाचे होते, आता शेजारी आधी आमची नमाज कशी आहे ते पाहतो. ही माणसे डोळ्यांसमोर असताना राजवटीच्या नावावर सगळे ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

नर्मदातीर

शारजावासी, त्या माउलीचे हाल वाचून वाईट वाटले. परंतु आपल्या चालकाचे वाक्य पुन्हा वाचा. भांडण मुळात पाण्याचे आणि कुरणाचे होते, असे तोच सांगतो आहे.

जुना वाचक

नर्मदातीर, दुसऱ्याच्या दुःखातून स्वतःपुरते वाक्य वेचून काढणे मला पटत नाही. त्याच वाक्याचा उत्तरार्ध आपण गाळलात.

झिया यांच्या राजवटीचा वाटा मी मान्य करतो, त्याहून अधिक नाही. पाराचिनारजवळच्या पेवाड गावचे शिया नेते आरिफ हुसैन अल-हुसैनी यांची ऑगस्ट १९८८ मध्ये पेशावरला हत्या झाली, तेव्हा झिया सत्तेवर होते. मात्र सरकारने पैसा ज्यांच्या हाती दिला, त्यांच्याकडे कोण खरा मुसलमान आणि कोण नाही याचे निवाडे आधीच तयार होते. जकात अध्यादेशाविरुद्ध जुलै १९८० मध्ये शियांनी इस्लामाबादेत निदर्शने करून सूट मिळवली. त्या सवलतीचा राग काढायला हेच निवाडे उपयोगी पडले. आपण म्हणाल की १९०१ चा सरहद्द गुन्हे कायदा या सर्वांच्या मुळाशी आहे. त्या कायद्याने एकाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या टोळीला शिक्षा होई, हे मलाही निंद्य वाटते. पण मे २०१८ मध्ये हा टोळ्यांचा प्रदेश खैबर पख्तुनख्वात विलीन झाला, आणि तरीही २१ नोव्हेंबर २०२४ रोजी कुर्रममध्ये प्रवाशांच्या ताफ्यावर गोळीबार होऊन चाळीसहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक शिया होते.

नर्मदातीर

त्याच वर्षी जुलैमध्ये कुर्रममध्ये जो रक्तपात झाला, तो जमिनीच्या तुकड्यावरून सुरू झाला होता. विलीनीकरण झाले, पण गावोगावच्या जमिनींचे वाद मिटवणारी विश्वासाची यंत्रणा तेथे उभी राहिली नाही. ज्याला आपल्या शेताची हद्द न्यायालयात सिद्ध करता येत नाही, तो ती आपल्या पंथाच्या बंदुकीने सिद्ध करू पाहतो.

जुना वाचक

बंदूक पंथाचीच का असते, त्याच्या गावाची किंवा भावकीची का नसते, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मी सुरुवातीपासून मागतो आहे. कुर्रमच्या बंगश टोळीतल्या सुन्नींचे भाऊबंद त्याच खोऱ्यात शिया आहेत. आडनाव एक, टोळी एक, पश्तू एक, आणि तरीही २००७ च्या लढाईत ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे होते.