शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा काळाठिक्कर होतोय, काय करू?

नवशिका_कुंचला:
डिसेंबरपासून तीन रविवार झाले, सकाळी दहाच्या सुमारास बाजीरावांच्या पुतळ्यापाशी बसून जलरंगात दिल्ली दरवाजा काढतोय. ड्रॉइंग बरं जमतं पण रंग लावला की बुरूज म्हणजे नुसती कोळशाची पोती. दगडाला पेन्स ग्रे (निळसर गडद राखाडी) वापरतो, वर अजून काळा. कागद साधा कार्ट्रिज, ड्रॉइंगचा. पेपर बदलू की रंग?

ओला_कागद:
दोन्ही बदल पण आधी वेळ बदल 😄 अरे त्याला दिल्ली दरवाजा का म्हणतात, उत्तरेला तोंड आहे म्हणून. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे वाड्याच्या मागून, त्यामुळे दर्शनी भाग दिवसभर सावलीत. तू सपाट राखाडी बघतोयस आणि तेच रंगवतोयस. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला जा, ऊन तिरकं चाटून जातं, तेव्हा बुरुजांची गोलाई दिसते.

नारायणपेठकर:
मेपर्यंत कशाला थांबायचं? सावलीतलाच काढ की. दहा वाजता बुरुजांच्या डाव्या कडेला उन्हाची पट्टी मिळते, तेवढी कोरी सोड आणि बाकी सगळ्यावर अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा एकच पातळ वॉश, म्हणजे पाणीदार थर मार, पॅलेटमध्ये घोटू नकोस, कागदावरच मिसळू दे. काळा रंग घरी ठेवून ये. आणि सगळंच दगडी नाहीये रे, खाली दगड, वर विटांचं बांधकाम, नीट बघ, वरचा भाग तांबूस आहे. तिथे सिएना वाढवलास की खालचा दगड आपोआप गार दिसतो.

ओला_कागद:
हे मान्य, विटांचं विसरलोच. फक्त कार्ट्रिजवर ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग, होणार नाही, पोपडे निघतील. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन पेपर घे, महाग वाटला तर शीटचे चार तुकडे करून पाव शीटवर काढ.

रेघोट्या_ताई:
दारावरचे खिळे सगळे काढू नका हं. मी एकदा मोजून मोजून काढले, दार कमी आणि फणस जास्त दिसत होतं. प्रकाशाकडचे आठ-दहा टोकदार, बाकी नुसते ठिपके. दरवाज्यावरचा लाकडी नगारखाना (नगारे वाजवायची जागा) मात्र मन लावून काढा, १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, आता लाकूडकाम म्हणून बघण्यासारखं तेवढंच.

नवशिका_कुंचला:
फणस 😂 माझ्याही खिळ्यांचं तेच झालंय ताई. उत्तरेचं डोक्यातच आलं नव्हतं, तीन रविवार मी उन्हाची वाट बघत चहा पीत बसलेलो. या रविवारी सावलीतलाच, पाव शीटवर.