मदत हवी आहे: सेल्फ-पेस्ड मास्टर्सचं सत्र हातातून चाललंय. विथड्रॉ करू, की एक तरी कोर्स पूर्ण करू?

रात्रीचा_अभ्यास (३१ ऑगस्ट, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या. विद्यापीठाला उत्तर द्यायची मुदत ५ सप्टेंबरला संपते, त्यामुळे ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लवकर लिहा.

मी नागपूरला मानेवाड्यात राहते, मिहानमधल्या एका कंपनीत रिपोर्टिंगचं काम करते. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून एका अमेरिकी विद्यापीठाचं डेटा ॲनालिटिक्सचं ऑनलाइन मास्टर्स करतेय. सेल्फ-पेस्ड आहे. लेक्चरची वेळ नाही, वर्ग नाही, तुमचं तुम्ही वाचा, तयारी झाली की असाइनमेंट द्या, परीक्षा द्या. सहा महिन्यांचं एक सत्र, एका सत्राची ठरलेली फी, त्यात जितके कोर्स होतील तितके करा. एकूण १० कोर्स, प्रत्येकी ३ क्रेडिट. नोकरी सांभाळून हेच जमेल म्हणून घेतलं होतं आणि खरंच जमत होतं.

पहिल्या सत्रात ९ क्रेडिट घेतले, ९ पूर्ण केले. दुसऱ्यात ९ घेतले, ६ झाले. हे तिसरं सत्र, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. यातही ९ घेतले.

१९ जूनला बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पंधरा दिवस मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात होतो, ४ जुलैला घरी आणलं. भाऊ पुण्याला असतो, तो येऊन गेला, पण रोजचं मी आणि आई. सकाळी फिजिओ, मग माझं ऑफिस, रात्री त्यांना कूस बदलून देणं. उजव्या हातात स्पंजचा चेंडू देतो आणि किती वेळा दाबला ते मी लिहून ठेवते. ती नोंद माझ्या स्टॅटिस्टिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर आहे. जुलैत एकदा, दोनदा होतं, काल अठरा झालं.

या सगळ्यात मी अभ्यास सोडला नव्हता, निदान मला तरी तसंच वाटत होतं. मेडिकलच्या वॉर्डाबाहेर लोखंडी बाक आहेत, तिथे बसून रोज रात्री मोबाइलवर लॉगिन करायचे, दोन-चार पानं वाचायचे. घरी आल्यावरही एक दिवस चुकवला नाही. पण १४ जूननंतर काही सबमिट केलं नाही, हे खरं.

तान्हा पोळ्याच्या दिवशी पहाटे मेल आला. त्यात लिहिलंय की ६० दिवसांहून जास्त काळ माझ्या खात्यात ‘शैक्षणिक हालचाल’ नाही. १४ दिवसांत उत्तर आलं नाही तर ते स्वतःहून मला प्रोग्रॅममधून विथड्रॉ करतील. खाली असंही आहे की सत्राअखेर माझी ‘समाधानकारक प्रगती’, म्हणजे घेतलेल्या क्रेडिटांपैकी पूर्ण केलेले, ६७ टक्क्यांच्या खाली जाण्याची शक्यता आहे. मी रोज लॉगिन करत होते हो. त्याची कुठेच नोंद नाही, हे वाचून मी पायरीवरच बसले. बाबा दरवर्षी या दिवशी आम्हाला मारबतीची मिरवणूक बघायला महाल भागात न्यायचे. त्या दिवशी खिडकीतून ढोल ऐकू येत होते आणि मी हँडबुकची चाळीस पानं वाचत होते.

आता सत्रातले तीन कोर्स असे आहेत. पहिल्याचं एक अहवाल आणि एक देखरेखीखालची परीक्षा उरलीय. दुसऱ्याची एक असाइनमेंट सुधारणेसाठी परत आलीय आणि अजून एक बाकी आहे. तिसरा मी उघडलेलाच नाही.

माझे प्रश्न:

आत्ताच तीनही कोर्समधून विथड्रॉ केलं तर माझं रेकॉर्ड स्वच्छ राहील का? की ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ केल्याचा शेरा) लागला तरी टक्केवारी बिघडते? पूर्ण प्रोग्रॅमच सोडला आणि एक-दोन वर्षांनी परत आले तर पाटी कोरी होते का? आणि मी थांबायचं ठरवलं तर एका कोर्सने काही फरक पडेल का, की तेवढी झोप मोडण्यात अर्थ नाही?

फी परतीचं मी पाहिलंय. माझ्या हँडबुकप्रमाणे सत्राचा ६० टक्के काळ उलटला की काही परत मिळत नाही आणि माझे १८३ पैकी १५३ दिवस गेलेत. त्यामुळे पैशांचा विषय सोडा. ते भिशीचे आणि बचतीचे पैसे होते, गेले. मला फक्त केलेलं काम वाया घालवायचं नाही.

जुनी_विद्यार्थिनी (१ सप्टेंबर, सकाळी ७.०५)

ताई, आधी बाबांना लवकर बरं वाटो. अठरा वेळा म्हणजे छान प्रगती आहे.

मी अमेरिकेत मास्टर्स करताना दोन वर्षं रजिस्ट्रार ऑफिसात विद्यार्थी म्हणून काम केलंय. तुमच्यासारखे मेल रोज जायचे. तुमच्या विद्यापीठाचं हँडबुक शेवटचा शब्द, पण या नियमांचा सांगाडा तिकडे सगळीकडे सारखाच असतो, कारण तो सरकारी विद्यार्थी-मदतीच्या नियमांवरून आलेला आहे. तुम्ही ती मदत घेत नसलात तरी बरीच विद्यापीठं सगळ्यांना एकच मोजपट्टी लावतात.

लॉगिनबद्दल. त्या नियमांत शैक्षणिक सहभाग म्हणजे काय ते स्पष्ट लिहिलेलं आहे: असाइनमेंट देणं, परीक्षा देणं, विषयाच्या चर्चेत भाग घेणं, शिक्षकाला विषयातली शंका विचारणं. नुसतं लॉगिन धरत नाहीत. ॲडव्हायजरशी ‘पुढे कोणता कोर्स घेऊ’ असं बोललात तर तेही धरत नाहीत. तुम्ही वॉर्डाबाहेर बसून वाचलेलं खोटं नाही, पण त्यांच्या यंत्रणेला ते दिसत नाही. म्हणून आज रात्री पहिलं काम: परत आलेली असाइनमेंट जशी जमेल तशी सुधारून सबमिट करा आणि शिक्षकाला विषयातला एक खरा प्रश्न मेल करा. हालचालीची तारीख आजची होते. मेलला उत्तर मात्र वेगळं द्यायचंच, लेखी.

आता डब्ल्यू. घाईत विथड्रॉ करू नका. डब्ल्यूने ग्रेडची सरासरी बिघडत नाही हे खरं, पण गतीच्या, म्हणजे त्या ६७ टक्क्यांच्या हिशोबात तो कोर्स ‘प्रयत्न केलेला’ म्हणून खाली छेदात राहतो आणि वर अंशात शून्य येतं. इनकम्प्लीटचंही (कोर्स पुरा करायला मुदत वाढवून घेतली तर) तसंच, ग्रेड लागेपर्यंत तो पूर्ण न केलेलाच. म्हणजे तीनही विथड्रॉ केलेत किंवा तीनही राहिले, गतीचा आकडा तोच.

पाटी कोरी होत नाही. परत त्याच विद्यापीठात आलात की जुने प्रयत्न सोबत येतात. मात्र मिळवलेले १५ क्रेडिट ट्रान्स्क्रिप्टवर राहतात, ते कोणी काढून घेत नाही. दुसऱ्या विद्यापीठाने ते ट्रान्सफर म्हणून मान्य केले तर तिथे ते प्रयत्न आणि पूर्ण, दोन्हीकडे मोजले जातात.

आणि ६७ च्या खाली गेलं म्हणजे लगेच बाहेर, असं सहसा नसतं. पहिल्यांदा एका सत्राची वॉर्निंग मिळते, तिला अपील लागत नाही. पुढच्या सत्रातही नाही जमलं तर मग अपील, आणि ते मान्य झालं तर प्रोबेशन, म्हणजे अटींवर पुढे शिकायची मुभा. अपिलात दोनच गोष्टी विचारतात: काय घडलं होतं आणि आता काय बदललंय. घरातलं आजारपण हे मान्य कारणांपैकी आहे. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, त्यावरच्या भरती आणि सुट्टीच्या तारखा तुमच्या गॅपशी जुळतात, त्याहून चांगला पुरावा नाही. तुमच्याकडे वॉर्निंगची तरतूद आहे का, ते हँडबुकात बघून सांगा.

आकडेमोड (१ सप्टेंबर, सकाळी ९.३०)

एका कोर्सने काय फरक पडतो ते मांडून दाखवतो, कारण माझ्या मते सगळा धागा इथेच सुटतो.

आजवर प्रयत्न २७ क्रेडिट. काहीच पूर्ण झालं नाही तर १५/२७, म्हणजे ५५.६ टक्के. पुढच्या सत्रात ६ घेऊन ६ पूर्ण केले तरी २१/३३, ६३.६ टक्के. म्हणजे सगळं पास होऊनही तुम्ही रेषेखालीच. ९ घेऊन ९ केले तर २४/३६, ६६.६७. बाबांची ही अवस्था असताना ९ करायला लागणं मला बरोबर वाटत नाही.

आता पहिला कोर्स पूर्ण केला असं धरा. १८/२७, ६६.६७. पुढच्या सत्रात फक्त ६ घेऊन ६ केले की २४/३३, ७२.७. एक अहवाल आणि एक परीक्षा तुम्हाला पुढच्या सहा महिन्यांत तीन क्रेडिटांचं ओझं कमी करून देते.

६६.६७ की ६७, हे मात्र लेखी विचारा. तो आकडा मुळात दीडपट मर्यादेतून येतो. ३० क्रेडिटांची पदवी ४५ क्रेडिटांच्या प्रयत्नांत संपवायची, ३० भागिले ४५ म्हणजे ६६.६७. ही दीडपट बॅचलर्ससाठी सांगितलेली आहे, मास्टर्सची मर्यादा विद्यापीठ स्वतः ठरवतं, पण बरेच जण तोच आकडा उचलतात. कुणी ६६.६७ छापतं, कुणी गोळाबेरीज करून ६७. छापलेल्या आकड्यावर तुम्ही ०.३३ ने अडकू नये.

जुनी_विद्यार्थिनी (१ सप्टेंबर, सकाळी ९.५०)

आकडेमोड यांनी नेमकं मांडलं. त्यात एक भर. न उघडलेल्या तिसऱ्या कोर्सबद्दल वेगळा प्रश्न विचारा: ‘या कोर्समध्ये मी कधीच सुरुवात केली नाही, तो विथड्रॉ न करता नोंदणीतून काढता येईल का?’ ड्रॉप आणि विथड्रॉ हे दोन वेगळे शब्द आहेत, मेलमध्ये चुकूनही अदलाबदल करू नका. ड्रॉप झाला तर तो छेदातून जातो. सत्र इतकं पुढे गेल्यावर देतीलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. दिलाच तर १८/२४, ७५ टक्के, आणि ६६.६७ चा प्रश्नच मिटला.

विदर्भ_एक्सप्रेस (१ सप्टेंबर, दुपारी १.१५)

ताई, काहून एवढा जीव जाळून राहिल्या त्या परदेशी डिग्रीसाठी? इग्नूचं घ्या ना. नागपुरात रीजनल सेंटर आहे, बऱ्याच एम.ए. प्रोग्रॅमना किमान २ आणि कमाल ४ वर्षं, परीक्षा जून-डिसेंबरला. आणि क्रेडिट बँकेत आपले क्रेडिट ७ वर्षं राहतात, तुमचे १५ तिकडे वळवा.

रात्रीचा_अभ्यास (१ सप्टेंबर, रात्री १०.५०)

दादा, काळजीने लिहिलंत, कळतंय. इग्नूबद्दल मला आदर आहे, माझ्या आईने लग्नानंतर तिथूनच बी.ए. केलं. पण ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये आली ती भारतातल्या नोंदणी झालेल्या संस्थांसाठी, माझे अमेरिकी क्रेडिट तिथे आपोआप जमा होत नाहीत. आणि मी अर्ध्या वाटेवर आहे. अर्ध्याहून परत फिरायला माझं मन धजत नाही.

जुनी_विद्यार्थिनी, आकडेमोड, तुमचे उपकार कसे मानू. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वहीत ही गणितं स्वतः करून पाहिली, तशीच येतात. असाइनमेंट सुधारून मगाशी सबमिट केली. हँडबुकात वॉर्निंग आहे, एका सत्राची, पान ३१ वर. मी ते पान वाचलंच नव्हतं, घाबरून थेट विथड्रॉवलच्या प्रकरणावर गेले होते.

ॲडव्हायजरला पाठवायचा मेल असा लिहिलाय, काही चुकत असेल तर सांगा: मी प्रोग्रॅम चालू ठेवतेय. १९ जून ते ४ जुलै वडील रुग्णालयात होते, कागद सोबत जोडलेत. पहिला कोर्स ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण करते. तिसरा, न उघडलेला कोर्स ड्रॉप होईल का? आणि १८/२७ तुमच्या नियमात बसतं का, याचं लेखी उत्तर हवंय.

लीव्ह ऑफ ॲबसेन्सबद्दलही विचारू का?

जुनी_विद्यार्थिनी (२ सप्टेंबर, सकाळी ६.५५)

मेल उत्तम आहे, तसाच पाठवा. लीव्हचं आत्ता घालू नका, विषय फाटेल. सरकारी नियमात १२ महिन्यांत मिळून जास्तीत जास्त १८० दिवसांची रजा बसते आणि ती शक्यतो आधी, लेखी मागायची असते. जूनमध्ये मागितली असती तर उपयोग होता. पुढच्या सत्रात बाबांचं काही वाढलं तर त्याच आठवड्यात मागा, दोन महिने थांबून नाही.

आणि तुमच्या विद्यापीठाची घड्याळं कोणत्या वेळेवर चालतात ते बघा. माउंटन टाइम असेल तर सप्टेंबरात ते आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतात. तिथली ३० तारखेची मध्यरात्र म्हणजे आपली १ ऑक्टोबरची सकाळ, साडेअकरा. पण परीक्षेचा स्लॉट शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, निकाल नोंदवायलाही वेळ लागतो.

रात्रीचा_अभ्यास (३ सप्टेंबर, रात्री ११.२०)

उत्तर आलं! विथड्रॉवलची नोटीस मागे घेतली. ६६.६७ चालतं, त्यांनी स्पष्ट लिहिलंय. तिसऱ्या कोर्सच्या ड्रॉपचा अर्ज वर पाठवलाय, दहा दिवसांत कळवतील.

परीक्षेचा स्लॉट १४ सप्टेंबरचा मिळाला, रविवार, सकाळी १० ते १. एकच अडचण उरली. वेबकॅमने पूर्ण खोली दाखवावी लागते, तीन तास आत कुणी यायला नको, आवाज नको. आमच्या दोन खोल्या, एकीत बाबांचा पलंग. त्यांना मध्येच उठवावं लागतं, हाक मारली तर मी बाहेर जाणारच. लायब्ररीत इतर माणसं असतात, ते चालत नाही. नागपुरात तीन तासांसाठी बंद खोली आणि भरवशाचं वायफाय कुठे मिळेल? भाडं देईन.

त्रिमूर्तीनगर (४ सप्टेंबर, सकाळी ८.१०)

ताई, आतापर्यंत नुसती वाचत होते. माझं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे त्रिमूर्तीनगरला, रविवारी बंद असतं. आतली केबिन आहे, दार लागतं, इन्व्हर्टर आहे, इंटरनेट केबलचं आहे. भाडं नको. शनिवारी संध्याकाळी एकदा येऊन लॅपटॉप जोडून बघा, म्हणजे रविवारी धावपळ नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर त्यात आहे. तुमची आई घरी एकटी पडणार असेल तर तेही सांगा, माझी मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती सकाळी तुमच्या घरी बसेल.

रात्रीचा_अभ्यास (४ सप्टेंबर, सकाळी ८.३२)

शनिवारी सहाला येते. आईला सांगितलं, ती म्हणतेय मुलीला जेवूनच पाठवणार.