ब्रेसेसची तार गालात रुतते आहे, पुढची तारीख मात्र लांब आहे

प्रश्न (राजारामपुरी):
माझ्या १३ वर्षांच्या मुलीने परवा ऊस सोलून खाल्ला, तेव्हा मागच्या दाढेजवळची तार सरकली. तिचे टोक गालात रुतून तिथे तांदळाएवढा पांढरा व्रण पडला आहे. पुढची अपॉइंटमेंट २ आठवड्यांनी आहे. तोपर्यंत काय करावे?

उत्तर १:
ताई, ब्रेसेससोबत मिळालेले मेण वापरा. नसेल तर औषधांच्या दुकानात मागा. आधी ती जागा स्वच्छ कापसाने अगदी कोरडी करा, कारण ओल्या तारेवर मेण टिकतच नाही, आणि मग वाटाण्याएवढी गोळी बोटांत मळून टोकावर दाबून बसवा. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून ३-४ वेळा चुळा भरल्यास व्रण लवकर भरतो. माझ्या मुलाला तार आवळल्यावर २-३ दिवस चावता येत नसे, तेव्हा मऊ भात आणि वरण हाच आधार होता. ऊस, भडंगातले शेंगदाणे आणि चिक्की पूर्ण बंद ठेवा. तांबड्या रश्श्याचा तिखटपणाही व्रणाला फार झोंबतो.

उत्तर २:
तार घरी कापू नका, कारण तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो. पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबराने टोक हळूच दाताकडे वळवून पाहा. मात्र तारीख येईपर्यंत थांबू नका, आजच दवाखान्यात फोन करून कळवा, कारण सरकलेल्या तारेमुळे दातांची हालचाल बिघडू शकते. चेहऱ्यावर सूज किंवा ताप आल्यास त्याच दिवशी दाखवा.

प्रश्नकर्ती:
मेण लावल्यावर ती रात्री शांत झोपली. उद्या सकाळी तार बसवायला बोलावले आहे.