माज नाही म्हणून सरसकट तीन इंजेक्शनं?

मूळ पोस्ट: गाय व्यायल्यावर तीन महिने झाले तरी माज नाही (फळायला येत नाही)? तपासणीत वेळ घालवू नका. तीन इंजेक्शनं द्या, दहाव्या दिवशी भरवा (कृत्रिम रेतन करा). देवणी, लाल कंधारी, संकरित, सगळ्यांना चालतं.

उदगीरकर: हे वाचून गप्प बसवत नाही. गाय आधीच गाभण असेल तर पीजीनं (प्रोस्टाग्लँडिन, त्या तिनातलं एक इंजेक्शन) गाभ पडेल, त्याचं काय? आणि वेळापत्रक तरी पुरतं लिहा. आज जीएनआरएच (अंड सुटायला लावणारं हार्मोन, बुसेरेलिन 10 मायक्रोग्रॅम), सात दिवसांनी पीजी (क्लोप्रोस्टेनॉल 500 मायक्रोग्रॅम), तिथून 56 तासांनी पुन्हा जीएनआरएच, मग 16 तासांनी रेतन. पीजीचं काम पीतपिंड (अंड सुटल्यावर अंडाशयावर होणारी गाठ) विरघळवणं. अंडाशयावर पीतपिंडच नसेल तर विरघळवणार काय? नुसत्या कडब्यावर उन्हाळा काढलेल्या, बरगड्या दिसणाऱ्या गायीचं अंडाशय हाताला लहान, गुळगुळीत लागतं. तिला आधी पेंड, जंतनाशक आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या.

परभणी: आणि तोवर वेत हातचं जाऊ द्यायचं? म्हशीचा मुका माज रात्री येतो नि जातो, कळतसुद्धा नाही. ठरल्या वेळी भरवायची पद्धत त्याचसाठी आहे. अंडाशय गुळगुळीत असेल तर योनीत प्रोजेस्टेरॉन हार्मोन सोडणारं साधन सात दिवस ठेवा.

नांदेड: हार्मोनला दोष देण्याआधी रेतन कसं होतं ते बघा. गोठवलेल्या वीर्याची कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरायची, इथं तळहातावर चोळतात! वर ती न पुसताच रेतनाच्या गनमध्ये. पाण्याचा थेंब आत गेला की शुक्राणू मेले. कांडी शोधताना कॅनिस्टर (कांड्यांचा डबा) द्रव नायट्रोजनच्या कंटेनरच्या गळ्याच्या वर उचलून धरतात, तेवढ्यात बाकीच्या कांड्याही बिघडतात.

परभणी: मे महिन्यात टाकीचं पाणी गरमच असतं. थर्मामीटर कशाला?

नांदेड: कारण तेच पाणी दुपारी चटका देतं आणि पहाटे गार असतं! अंदाजावर कांडी जाळायची आणि गाय उलटली (गाभण राहिली नाही) की इंजेक्शनाला शिव्या द्यायच्या. गर्भाशयमुख ओलांडलं की लगेच वीर्य सोडायचं, तर हे गन गर्भाशयाच्या शिंगापर्यंत घुसवतात. अस्तराला इजा झाली की गाय पुढचे माजही उलटते.

उदगीरकर: कांडीचं पटलं, पण मूळ मुद्दा सुटला. पीजी कातडीतून अंगात जातं. गरोदर बाईनं आणि दम्याच्या माणसानं बाटलीला हात लावू नये. पोस्टमध्ये यातलं एक अक्षर नाही.

परभणी: बरं, आधी गाभण तपासणी, एवढं मान्य. पण माज दिसायची वाट बघत बसा, हे म्हशीत तरी चालायचं नाही.