एकाच खोलीत घडणारं नाटक: खोलीचं पात्रांशी नातं जोडायचं कसं?

अर्धाअंक:
माझी एकांकिका सगळी एका खोलीत घडते. वडील गेल्यावर तीन भावंडं त्यांच्या खोलीतलं सामान आवरायला जमतात आणि शेवटपर्यंत तिथेच असतात. वाचन झालं तेव्हा एकाने विचारलं, "हे तिघं हॉटेलात बसूनही हेच बोलले असते, मग खोली कशाला?" मला उत्तर सुचेना. आधुनिक नाटकातली बंद जागा म्हणजे पात्रांची घुसमट, त्यांचं एकटेपण, हे समीक्षेत वाचलंय आणि पटतंही. पण लिहायला बसल्यावर त्याचं करायचं काय? सध्या मी खिडकी बंद ठेवली आहे आणि एक बल्ब अधूनमधून लुकलुकतो. आणखी काय करता येईल?

तिसरी_घंटा:
सार्त्रचं 'नो एग्झिट' (१९४४) वाचलं नसेल तर आधी ते वाचा. नरक म्हणून काय दाखवलंय, तर तीन सोफे असलेला जुन्या थाटाचा दिवाणखाना. आरसा नाही, खिडकी नाही, दिवा मालवता येत नाही. आरसा नाही म्हणून तिथे कोंडलेल्या तिघांपैकी एस्टेलला आपली लिपस्टिक नीट लागलीय का हे इनेझला विचारावं लागतं, आणि तिथून तिचा ताबा दुसरीच्या डोळ्यांकडे जातो. खोलीत काय नाही, यावरून तिघांचं नातं ठरतं. पुढे दार उघडतं तेव्हा कुणीच बाहेर पडत नाही, ते तर तुम्हाला ठाऊक असेलच.

विंगेतून:
अर्धाअंक, आधी तो बल्ब काढा. लुकलुकणारा बल्ब पाहून प्रेक्षकाला एवढंच कळतं की वायरिंग बिघडलंय. (दुसऱ्या प्रयोगाला तो नको तिथे लुकलुकतो, ते वेगळंच.)

मी बरीच वर्षं हौशी संस्थांसाठी नेपथ्य करतोय, त्यामुळे माझं डोकं प्रतीकाच्या आधी बिजागरीकडे जातं. दार आत उघडतं की बाहेर, कडी कुठल्या बाजूला, किल्ली कुणाच्या खिशात, हे विचारल्याशिवाय मी फ्लॅट (नेपथ्यातली खोटी भिंत) उभा करत नाही. दिग्दर्शक वैतागतात. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडतं. खोली एकच असली तरी ती प्रत्येक पात्रासाठी वेगळी हवी. तिघांनाही ती सारखीच परकी किंवा सारखीच ओळखीची असेल, तर तुमचे ते वाचक म्हणतात ते खरं आहे, हॉटेल चालेल.

इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' (१८७९) घ्या. तिन्ही अंक एकाच बैठकीच्या खोलीत. खोली नोराची, तिनेच सजवलेली, पण टपालपेटीची किल्ली नवऱ्याकडे, हेल्मरकडे. तिने नवऱ्याच्या नकळत ज्याच्याकडून कर्ज घेतलं त्या क्रोगस्टाडचं, सगळं उघड करणारं पत्र पेटीत पडलेलं तिला काचेतून दिसतं आणि काढता येत नाही. तिसऱ्या अंकात हेल्मर पेटी उघडायला जातो तर कुलपात केसांची तुटलेली पिन अडकलेली. पिन कुणाची, हे तो ओळखतो, आणि ती मुलांवर ढकलते! शेवटी नोरा घर सोडून जाते आणि दार आपटल्याचा आवाज येतो त्याची चर्चा सगळेच करतात. मला ती पिन जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याच घरात बाईला कुलपाशी खाटखूट करावी लागते, हे एका वाक्याचंही भाषण न देता कळतं.

स्ट्रिंडबर्गच्या 'मिस ज्यूली'मध्ये (१८८८) जागा म्हणजे वाड्याचं स्वयंपाकघर. नोकर जाँ आणि स्वयंपाकीण क्रिस्टीन यांचं ते रोजचं राज्य, मालकाची मुलगी ज्यूली वरच्या मजल्यावरून तिथे उतरते. घर तिच्या बापाचं, तरी त्या खोलीत पाहुणी तीच. गावकरी नाचतगात आत येऊ लागतात तेव्हा लपायला एकच जागा उरते, जाँची खोली. म्हणजे सुटायची वाटसुद्धा आणखी आतच जाते. आणि तिचा बाप, काउंट? तो नाटकभर रंगमंचावर येत नाही. त्याचे बूट आहेत, घंटा आहे, वरच्या मजल्याशी बोलायची नळी आहे. घंटा वाजली की मघाशी मोठमोठी स्वप्नं रंगवणारा जाँ पुन्हा नोकर होतो.

तीच नळी मला पिंटरच्या 'द डम वेटर'मध्ये भेटते, तेव्हा गंमत वाटते. तळघर, बेन आणि गस हे दोन मारेकरी, दोन पलंग, आणि भिंतीतल्या छोट्या लिफ्टमधून वरून चिठ्ठ्या येतात, अमुक पदार्थ पाठवा. पिस्तुलं बाळगणारे हे दोघे निमूटपणे आपल्या पिशवीतली बिस्किटं, दूध, चहाचं पाकीट वर पाठवतात. बेन नळीत बोलतो ते किती अदबीने! गस प्रश्न विचारतो, बेन विचारत नाही. भिंतीतल्या त्या एका भोकाशी दोघं कसे वागतात, त्यात दोन स्वभाव आले.

आणि आपल्याकडे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७). सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेबाईंचं बोट चेमटतं. त्या कडीची खोड गावातल्या सामंतला माहीत, बाहेरून आलेल्या नाटकमंडळींना नाही. मग वेळ घालवायला बाईंवर मांडलेला खेळातला खटला खरा व्हायला लागतो, बाई निघून जायला दाराशी जातात, तर ते बाहेरून अडकलेलं. तेंडुलकरांनी कडी आधी दाखवून ठेवली होती, म्हणून तो योगायोग वाटत नाही.

दुसरी_रांग:
उदाहरणं छान, पण सगळी कडीकुलपाची झाली. चेखॉव्हच्या 'थ्री सिस्टर्स'मध्ये (१९०१) दारं उघडीच आहेत. लोक येतात, जातात, चहा पितात. कुणी कुणाला कोंडलेलं नाही, तरी तिघी बहिणी ज्याची आस धरून बसल्यात त्या मॉस्कोला कुणी जात नाही. तिथे तुमची बिजागरी काय करणार?

विंगेतून:
बिजागरी नाही, पण खोल्यांची वाटणी बघा की. पहिले दोन अंक दिवाणखान्यात. दुसऱ्या अंकात नताशा, म्हणजे बहिणींच्या भावाची बायको, आपल्या बाळासाठी इरिनाची खोली मागते, "तात्पुरती" म्हणून. तिसऱ्या अंकात इरिना आणि ओल्गा एकाच खोलीत दाटीवाटीने. चौथा अंक बागेत, आणि घर नताशाचं. चेखॉव्हने बहिणींना कोंडलं नाही, एकेक खोली काढून घेत बाहेर काढलं. घर तेच, एकीचं वाढत गेलं, तिघींचं आक्रसत गेलं. मी तरी याला बंद जागेचंच नाटक म्हणेन, दारं उघडी असली म्हणून काय झालं.

दुसरी_रांग:
हं. 'आक्रसत गेलं' मान्य. मॉस्कोचं मात्र तुम्ही टाळलंत.

अर्धाअंक:
माझ्या नाटकात धाकटीने वडिलांची शेवटची दोन वर्षं त्यांच्याजवळ राहून काढली आहेत. थोरला कधीतरी यायचा, मधला आलाच नाही. हे सगळं मी संवादात सांगून टाकलंय. ते खोलीतून कसं दाखवू?

विंगेतून:
कपाट आहे ना खोलीत? त्याचं दार जरा उचलून ओढलं तरच उघडतं असं करा. धाकटी बोलता बोलता उचलते आणि उघडते, नजरही न टाकता. हे पहिल्या पाच मिनिटांत, कुणाचं लक्ष नसताना. थोरला नंतर नुसताच ओढतो, मग हिसके देतो, मग वडिलांच्या नावाने चिडतो. मधला कपाटाला हातच लावत नाही, तो सामान मोजतो. कोण किती दिवस इथे राहिलंय हे सांगणारी वाक्यं मग खोडून टाका, बहुतेक एक पानभर निघतील. खिडकी बंद ठेवायची तर ती कोणी आणि कधी बंद केली, हेही ठरवा.

आणि कपाट भाड्याने आणू नका. दर प्रयोगाला वेगळं येतं आणि ऐन वेळी थोरल्याच्या हातून अलगद उघडतं. साधं प्लायचं करून घ्या, वरची बिजागरी किंचित सैल ठेवा, आणि तालमीच्या पहिल्या दिवसापासून तेच वापरा.