प्रतिसाद: मुंबई हायचं तेल नेमकं कुठे आहे?

वर एकाने लिहिलंय की भारतात तेल म्हणजे आसाम आणि गुजरात, महाराष्ट्राच्या वाट्याला काहीच नाही. दिग्बोई आणि अंकलेश्वर महत्त्वाचे आहेतच, पण मुंबई हाय विसरून कसं चालेल? हे तेलक्षेत्र मुंबईपासून साधारण १६० किमी पश्चिमेला, अरबी समुद्रात आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या समुद्रात खोदकाम करणाऱ्या रिगने तिथे विहीर खोदली, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. गेली कित्येक दशकं देशाच्या स्वतःच्या तेलाचा मोठा हिस्सा तिथूनच येतोय.

तिथे खाली तेलाचं तळं वगैरे नाही हो. चुनखडीच्या खडकातल्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं, वर शेलचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) घट्ट थर असल्याने ते निसटत नाही. दाब कमी झाला की पाणी सोडून ते रेटावं लागतं. तिथलं तेल-वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइनने उरणला येतात. वसईच्या नावाच्या, समुद्रातल्याच क्षेत्रातला वायू मात्र गुजरातमधल्या हजिऱ्याला जातो.

राजस्थानातल्या बाडमेरचं तेल तर इतकं मेणचट की गार झालं की थिजतं, म्हणून त्याची पाइपलाइन तापवत ठेवावी लागते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातल्या वायूबद्दल कुणी जाणकाराने सविस्तर लिहावं, ही विनंती.